एक कॅरेट टोमॅटो आणि तीस बाटल्या

वर्षावास संपत आला की नाशिक जिल्ह्याच्या बाजारात टोमॅटो उतू जाऊ लागतो. पिंपळगाव, गिरणारे या भागांतून गाड्या भरभरून येतात आणि भाव असा कोसळतो की शेतकऱ्याचा गाडीभाड्याचा खर्चही सुटत नाही. २०२३ सालच्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तोच टोमॅटो किरकोळीला शंभर रुपये किलोच्या वर गेला. मधे फक्त दोन महिने. ज्या घरात पगार सात तारखेला येतो आणि वीस तारखेला संपतो, त्या घरातल्या बाईला या दोन्ही वेळा सारख्याच. भाव चढला तर तिला घेता येत नाही आणि पडला तरी जास्त घेता येत नाही, कारण घेतलेला माल चार दिवसांत सडतो. स्वस्ताईचा लाभ ज्याच्याजवळ माल टिकवण्याची सोय आहे त्यालाच होतो.

या विचारातून तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून टोमॅटो बाटल्यांत भरून ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून महिला मंडळाच्या बैठकीत भगिनी मला विचारतात, ‘ताई, आम्हालाही सांगा, सुरुवात कुठून करायची?’ प्रत्येकीला वेगळे सांगण्यापेक्षा येथे लिहिलेले बरे. मी नोकरीने कारकून, शिक्षणाने बी. कॉम.; तेव्हा हिशोब येणारच, तो वाचकांनी सहन करावा.

अन्न टिकवणे ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळातल्या आठवणी सांगायची, त्यात निम्म्या आठवणी वाळवणाच्या असत. गवारीच्या शेंगा, कारल्याच्या चकत्या, बोरे, बोंबील, आणि दोरीवर वाळत घातलेल्या मांसाच्या पट्ट्या, ज्यांना काही भागांत चान्या म्हणतात. ज्यांच्या वाट्याला ताजे अन्न रोज येत नव्हते त्यांनी एक दिवसाचे अन्न महिनाभर पुरवायची विद्या स्वतःच कमावली होती. त्या विद्येला कुणी विद्या म्हटले नाही, ही गोष्ट वेगळी.

परंतु बाटलीत भरणे ही वाळवणाची बहीण नव्हे, आणि नवशिक्या बाईने हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. वाळवणात अन्नातले पाणी जाते आणि हवा राहते. लोणच्यात मीठ आणि मुरांब्यात साखर पाण्याला बांधून टाकते. बाटलीत मात्र पाणी तसेच राहते आणि हवा जाते. वाळवण बिघडले तर ते आपल्याला सांगते: बुरशी दिसते, कुबट वास येतो, जाळे धरते. आजीचे नाक आणि आजीची बोटे तिथे उपयोगी पडत. बंद बाटलीत बिघाड झाला तर तो नेहमीच दिसेल किंवा नाकाला कळेल असे नाही.

हा प्रकार शोधून काढला तो निकोला आपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने. काचेच्या बाटल्यांत अन्न भरायचे, बूच घट्ट बसवायचे आणि बाटल्या पाण्यात उकळायच्या, एवढीच त्याची रीत. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला बारा हजार फ्रँकचे बक्षीस दिले आणि त्याने आपली सगळी रीत पुस्तकात छापून लोकांना खुली केली. गंमत अशी की, अन्न का टिकते हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते. जंतूंचे कारण लुई पाश्चरने दाखवले ते आणखी पन्नासेक वर्षांनी. जगाला डबाबंद अन्न देणारा हा माणूस १८४१ साली गरिबीत वारला.

उकळत्या पाण्याने बहुतेक जंतू मरतात. पण मातीत राहणारा बोट्युलिनम नावाचा एक जंतू आहे, त्याची बीजे साध्या उकळण्याने मरत नाहीत. हवा नसलेली जागा, ओलावा आणि आंबटपणा कमी, असे तीन योग जुळले की ही बीजे जागी होतात आणि विष तयार करतात. बाटलीत यातले दोन योग आपणच जुळवून दिलेले असतात. ते विष खाल्लेल्या माणसाला एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. भगिनींना भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. पण मोबाईलवर पाककृती दाखवणाऱ्या पुष्कळ जणी हे सांगत नाहीत, म्हणून लिहावे लागते.

उरला तिसरा योग, म्हणजे आंबटपणा. तो आपल्या हातात आहे. आंबटपणा मोजण्याच्या मापात ४.६ हा आकडा सीमारेषा मानतात. आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. रेषेच्या खालच्या पदार्थात हा जंतू वाढत नाही, म्हणून तिथे उकळते पाणी पुरते. बहुतेक आंबट फळे रेषेच्या खाली आहेत. भाज्या, कडधान्ये, मटण, मासळी ही सारी वर आहेत. टोमॅटो नेमका रेषेवर बसलेला. जातीप्रमाणे तो इकडचा तिकडे होतो आणि जास्त पिकला की त्याचा आंबटपणा उतरतो. म्हणून टोमॅटोच्या प्रत्येक बाटलीत वरून आंबट घालावेच लागते. अर्ध्या लिटरच्या बाटलीला सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, सपाट पाव चहाचा चमचा. चव घेऊन ‘टोमॅटो आंबटच आहे की’ असे म्हणून ते गाळू नये. ताज्या लिंबाच्या रसावरही विसंबू नये, कारण सगळी लिंबे सारखी आंबट नसतात. जेवताना फार आंबट लागले तर भाजीत चिमूटभर साखर घालावी.

ही मापे माझ्या मनातली नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याने घरी बाटल्या भरणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढलेली आहे. माझ्या मुलीने ती वाचून मला मराठीत सांगितली आणि मी वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिकडच्या बायका एका जागी जमून, सामाईक भांडी वापरून भाजीपाला डबाबंद करीत, हेही तेव्हाच कळले. आमच्याकडे सामाईक भांडी होतीच. पौर्णिमेच्या भोजनदानासाठी विहारात जर्मनचे मोठे पातेले आहे आणि मोठी शेगडीही आहे. विहार समितीला अर्ज दिला, पातेले घासून परत करण्याची हमी दिली आणि एक रविवार मागून घेतला.

आता कृती. टोमॅटो घट्ट आणि लाल घ्यावेत. फुटके, डागी, काळे पडलेले स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत. धुऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडावेत, साल तडकली की गार पाण्यात टाकावेत. मग साल हाताने निघते. देठाकडचा कठीण भाग काढून टोमॅटो कुस्करावेत आणि पाच मिनिटे उकळू द्यावेत. त्यात कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर काही घालू नये, कारण त्याने आंबटपणाचे गणित बदलते. फोडणी बाटली उघडल्यावर द्यायची. मीठ चवीपुरते घातले तरी चालते, नाही घातले तरी चालते, टिकण्याशी त्याचा येथे संबंध नाही.

बाटल्या साबणाने धुऊन गरम पाण्यात ठेवाव्यात, थंड बाटलीत उकळते भरले की काच तडकते. प्रत्येक बाटलीत आधी लिंबूसत्त्व, मग गरम टोमॅटो. वर अर्धा इंच जागा मोकळी ठेवावी. बांबूची काडी कडेने फिरवून आतली हवा काढावी. मग बाटलीचे तोंड स्वच्छ ओल्या फडक्याने पुसावे. तोंडावर टोमॅटोची एक बी जरी राहिली तरी झाकण बसत नाही. झाकणे दरवर्षी नवी घ्यावीत. जॅमच्या किंवा कॉफीच्या जुन्या बाटल्या घरात पडलेल्या असतात, त्यांचा मोह होतो. पण त्या झाकणांच्या आतला मऊ थर एकदा दबलेला असतो आणि तो पुन्हा धरेल याची खात्री नाही.

पातेल्याच्या तळाशी जुने धोतर किंवा गोणपाट घालावे, त्यावर बाटल्या उभ्या कराव्यात आणि पाणी झाकणांच्या वर इंचभर येईल इतके घालावे. पाणी खळखळून उकळू लागले की घड्याळ लावायचे, त्याआधी नाही. किती वेळ, हे आपण कुठे राहतो त्यावर आहे. उंचीवर पाणी कमी उष्णतेला उकळते, म्हणून वेळ वाढतो. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंचीपर्यंत अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३५ मिनिटे, तेथून नऊशे मीटरपर्यंत ४० मिनिटे. म्हणजे मुंबईच्या भगिनींनी ३५ आणि पुणे, नाशिक, सोलापूरच्या भगिनींनी ४० मिनिटे धरावीत. मधेच गॅस संपून उकळी बसली तर पुन्हा उकळी आणून पहिल्यापासून मोजावे. यात सवलत नाही.

बाटल्या काढून लाकडी फळीवर किंवा जाड कापडावर ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नये. गार होताना आतली वाफ आकसते आणि झाकण मधोमध आत ओढले जाते. कधी कधी ‘टक्’ असा आवाज येतो. लहान मुलांना तो फार आवडतो, आमच्याकडे पोरे आवाज मोजत बसली होती. दुसऱ्या दिवशी झाकणावर बोट दाबून पाहावे. खालीवर हलले तर ते बसलेले नाही, ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवावी. बाकीच्यांवर तारीख लिहावी, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात आणि वर्षाच्या आत वापराव्यात. पुढे उघडताना झाकण फुगलेले दिसले, फेस आला किंवा आतले उसळून बाहेर आले तर चव घेऊन पाहायचे नाही, टाकून द्यायचे. अन्न टाकणे आपल्याला जड जाते. तरीही.

आता हिशोब. पहिल्या वर्षी एक कॅरेट, म्हणजे वीस किलो टोमॅटो, आठ रुपये किलोप्रमाणे १६० रुपयांना मिळाला. किलोभर निवडण्यात गेला आणि तीस बाटल्या भरल्या. नव्या बाटल्या झाकणांसह वीस रुपयांप्रमाणे ६००. लिंबूसत्त्व २५. गॅस अंदाजे ७०. एकूण ८५५ रुपये, म्हणजे बाटली साडेअठ्ठावीस रुपयांना पडली. एका बाटलीत साधारण सव्वासहाशे ग्रॅम टोमॅटो असतो. बाजारात टोमॅटो पंचवीस रुपये किलो असेल तर बाटलीतल्या मालाची किंमत सोळा रुपये होते. म्हणजे पहिल्या वर्षी साध्या भावाने हा धंदा तोट्याचा. दुसऱ्या वर्षी बाटल्या घरच्याच होत्या, फक्त झाकणांचे १२० रुपये. तेव्हा बाटली साडेबारा रुपयांना पडली. भाव ऐंशीच्या घरात गेला तर त्याच बाटलीतल्या मालाची किंमत पन्नास रुपये होते.

हा कागद मी बैठकीत वाचून दाखवला तेव्हा सगळ्या खूश झाल्या. तेवढ्यात मागे बसलेली एक भगिनी म्हणाली, ‘ताई, यात आपली मजुरी कुठं आहे?’ ती चार घरी धुणीभांडी करते, तिला तासाची किंमत कळते. मग आम्ही तीही ओळ मांडली. चार बायका, प्रत्येकी आठ तास, एकूण बत्तीस तास. तासाला पन्नास रुपयेच धरले तरी १६०० रुपये. ते मिळवले की पहिल्या वर्षीची बाटली जवळजवळ ब्याऐंशी रुपयांना पडते आणि दुसऱ्या वर्षीची सहासष्टला. बैठकीत शांतता पसरली.

मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते. बायकांसाठी गृहउद्योगाचे वर्ग घेणारे पुष्कळ असतात, त्यांच्या फळ्यावर कच्चा माल असतो, गॅस असतो, नफा असतो. बाईचा रविवार कुठेच नसतो. तो फुकट धरला की कुठलाही उद्योग फायद्यात दिसतो. त्या दिवशी दोन घरांनी सांगितले की आम्हाला हे परवडत नाही, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यांच्या जागी दुसरी दोन घरे आली. ज्या राहिल्या त्यांनी ठरवले की पुढच्या वर्षी पुरुषमंडळी आणि मोठी मुलगे साल काढायला, पातेले उचलायला आणि भांडी घासायला बसतील. बसले. माझे यजमान पहिल्या तासाला कुरकुरले, नंतर त्यांनीच साल काढण्याची शर्यत लावली. बायकांचे तास निम्म्यावर आले.

मग मी अजून का भरते? जून महिन्यात शाळेच्या वह्या, गणवेश, रिक्षाचे पैसे हे सगळे एकदम येते. त्याच सुमारास भाजी महागायला लागते. संध्याकाळी सात वाजता ऑफिसातून आले की टोमॅटो निवडणे, चिरणे, शिजवणे यात जाणारी वीस मिनिटे फळीवर तयार उभी असतात. ऑक्टोबरातल्या स्वस्त रविवारी केलेले काम जूनमधल्या थकलेल्या संध्याकाळी उपयोगी येते. याची किंमत माझ्या वहीत मांडता येत नाही. दुसरीच्या घरी ती वेगळी असेल.

एक प्रसंग सांगणे भाग आहे. जानेवारीत हिरवा वाटाणा स्वस्त झाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी वाटाणा बाटल्यांत भरून विकायचे ठरवले. मावशी विधवा आहेत, बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी शंभर बाटल्या आणून ठेवल्या होत्या. मोबाईलवर एका बाईने बाटलीतला वाटाणा पातेल्यात उकळून दाखवला होता, तो त्यांनी मला दाखवला. मी म्हटले, ‘मावशी, वाटाण्याला आंबटपणा नाही. उकळत्या पाण्याने त्यातली बीजे मरत नाहीत.’ त्या म्हणाल्या, ‘मग कुकरात शिट्ट्या काढते.’ मी सांगितले की, कारखान्यात आणि त्या मार्गदर्शिकेतही यासाठी दाबाचे खास मोठे यंत्र वापरतात, त्याचा दाब आणि वेळ तपासून ठरवलेली असते. आपला डाळभाताचा कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, शिट्ट्यांवर ते मोजता येत नाही. मावशी तडक उठल्या. ‘तू शिकलीस म्हणून आमच्या पोटावर पाय देतेस होय?’ असे म्हणून निघून गेल्या.

रात्रभर मला झोप लागली नाही. त्यांच्या कर्जाचा हप्ता मला ठाऊक होता. पण त्या बाटल्या आमच्याच वस्तीतल्या पोरांच्या डब्यात गेल्या असत्या. दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक बोलावली आणि साठ बाटल्या मंडळाने खरेदी भावाने घ्याव्यात असा ठराव केला. टोमॅटोसाठी त्या लागणारच होत्या. उरलेल्या चाळीस बाटल्यांत मावशींनी खारातले लिंबाचे लोणचे घातले, मिठाचा हात त्यांचा फार चांगला आहे. ते विकण्याआधी त्यांचे नोंदणीचे कागद मी भरून दिले. घरच्यासाठी भरायला कुणाची परवानगी लागत नाही. विकायचे म्हटले की मात्र २००६ सालच्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, मग ते एका खोलीतले लोणचे का असेना. पूर्वी फळांच्या पदार्थांना १९५५ सालच्या आदेशाखालचा परवाना लागे, जुन्या जॅमच्या बाटल्यांवर एफ. पी. ओ.चा शिक्का असायचा तो त्याचाच.

नवशिक्या भगिनींना एवढेच सुचवीन की पहिल्या वर्षी एक कॅरेटच घ्या, एकट्याने करू नका आणि टोमॅटोशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू नका. संत्री, आंबा, पेरू यांच्या वेळा आणि मापे वेगळी आहेत, ती नंतर शिकता येतील. मोजण्याचे चमचे मात्र आधी विकत घ्या, चहाचे चमचे प्रत्येकीच्या घरी निराळे असतात.

गेल्या ऑक्टोबरात मावशी आपणहून विहारात आल्या. माझ्याशी त्या मोजकेच बोलतात आणि वाटाण्याला काही झाले नसते असे अजूनही म्हणतात. पण घड्याळ त्यांनी स्वतःकडे मागून घेतले. छत्तीस मिनिटांना माझ्या धाकट्या जावेने गॅस बारीक करायला हात पुढे केला, तर त्यांनी तिच्या हातावर चापट मारली आणि म्हणाल्या, ‘चाळीस म्हणजे चाळीस. अजून चार आहेत.’